एडिंबरा विरुद्ध कसबे बोरगाव

कसबे बोरगावात बदलून आल्यावर मी वाचनालयात जाऊन पहिली कादंबरी मागितली, तेव्हा मला तिची फक्त सोळा पानं मिळाली. सुरुवातीला एक बाई चुलीपुढं रडत होती आणि शेवटी एक माणूस घोड्यावरून उतरत होता. बाई कोण, रडते कशाला, हा बाबा कुठून आला, कशाचा पत्ता नाही. टेबलापलीकडं एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी म्हटलं, "अहो, ही फाटकी पानं काय देता? पुस्तक द्या."

"हेच पुस्तक हाय, मास्तर," म्हातारा शांतपणे म्हणाला. "बाकीचं गावात वाचायला गेलंय. तुमच्या हातात नववा जुज हाय. आधीचं पायजे असंल तर राधाक्का कासारणीकडं आठवा हाय, तिला इचारा."

"आणि पुढचं?"

"पुढचं पुढच्याकडं."

हे दस्तगीरचाचा. गावाच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई, झाडूवाले आणि पुस्तकं बांधणारे जिल्दसाज, सगळं एकच.

मी तेव्हा तिशीतला, सोलापुरात शिकलेला, इंग्रजी शिकवणारा मास्तर. पुस्तकांतलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. रागानं घरी आलो आणि ठरवलं, या गावात दोन वर्षं कशीबशी काढायची आणि बदली मागायची. मग जेवताना ती सोळा पानं वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी राधाक्का कासारणीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. बायको बाळंतपणाला माहेरी, त्यामुळे बांगड्यांचं काही काम नव्हतं. ती बाई का रडत होती एवढंच मला विचारायचं होतं.

"बसा मास्तर," राधाक्का म्हणाली. "लई मोठं कारण हाय त्याला. उभ्यानं सांगायजोगं न्हाय."

त्या दिवशी शाळेची पहिली घंटा माझ्याशिवाय झाली.

आता जुज म्हणजे काय ते सांगतो. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, त्या घडीला जिल्दसाज जुज म्हणतात. असे वीस-बावीस जुज एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. जगभर जिल्दसाज जुज शिवतात. आमचा जिल्दसाज शिवलेली पुस्तकं उसवायचा. एका कादंबरीचे बावीस जुज मोकळे करून प्रत्येकाला जाड कागदाचं कव्हर घालायचा आणि एकवीस घरांत एकवीस जुज वाटायचा. दर गुरुवारी बाजार. बाजाराला आलेल्या माणसानं आपला जुज परत करायचा आणि दुसरा न्यायचा. कुणाला कादंबरी पाचव्यापासून सुरू, कुणाला सोळाव्यापासून. कुणाकडं कितवा आहे ते वाचनालयाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. अशी सात-आठ पुस्तकं एका वेळी गावात हिंडत असायची, बाकीची पाळी येईपर्यंत चाचांच्या माळ्यावर.

हे सगळं सुरू झालं ते तेरखेड्यापायी. चाचा निजामाच्या राज्यात कचेरीची दप्तरं बांधायचे. राज्य गेलं, उर्दू गेली, आणि नव्या साहेबांनी जुने कागद रद्दीत काढले. रद्दीची गाडी निघाली तेरखेड्याला, फटाक्यांच्या नळ्या वळायला. स्वतःच्या हातानं बांधलेली दप्तरं अशी चाललेली बघून चाचा गाडीमागं चालत तेरखेड्यापर्यंत गेले. "तीस वर्सं ज्या कागदांचा कुणी आवाज ऐकला न्हाय," ते सांगायचे, "त्यांचा त्या दिवाळीत सगळ्या तालुक्यानं ऐकला." पण तिथल्या ढिगात त्यांना कचेरीच्या कागदांखाली पुस्तकं दिसली. कुठल्या कुठल्या घरांतली, मराठी, उर्दू, काही पुठ्ठे गेलेली. त्यांनी येडशीहून तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रं आणून दिली आणि पुस्तकं घरी आणली. पहिलीच कादंबरी बांधायला काढली तर ओट्यावर चार माणसं ती मागत बसलेली. शिवून होईपर्यंत कुणी थांबेना. चाचांनी चौघांना चार गठ्ठे दिले, म्हणाले वाचून आणा, मग शिवतो. ती कादंबरी अजून शिवायची राहिली आहे.

या पद्धतीला कायदा एकच. मागचं सांगायला मुभा, पुढचं सांगायला मनाई. ज्यानं पुढचं फोडलं त्याला चार गुरुवार जुज नाही. आमच्या पोस्टमास्तरांनी एकदा चावडीवर बोलता बोलता "तो दिवाणजी पुढं पकडला जातो" एवढं म्हटलं. महिनाभर त्या माणसाला कुणी राम राम केला नाही.

आणि गंमत बघा. एका घरात चौथा जुज, तिथं कादंबरीतल्या सुमित्रेचं लग्न ठरतंय. शेजारच्या घरात चौदावा, तिथं सुमित्रा वारली. एका ओट्यावर बायका तिच्या शालूचा रंग ठरवतायत आणि दुसऱ्या ओट्यावर एक बाई डोळ्याला पदर लावून बसली आहे, पण का ते सांगता येत नाही, कारण कायदा. शेजारणी विचारतात, "काय गं, काय झालं?" ती म्हणते, "काय न्हाय गं, घ्या तुमी शालू, चांगला भारीतला घ्या," आणि पुन्हा रडते. कादंबरीचं नाव कुणाला माहीत नसायचं, कारण ते पुठ्ठ्यासकट पहिल्या पानाबरोबर गेलेलं. लिहिणाऱ्याचंही नाही. गावात तिला 'सुमित्रेची' म्हणायचे.

सोपान धनगराला तर अक्षरओळखही नव्हती. पण गुरुवारी तो न चुकता जुज न्यायचा. सून वाचायची, हा मेंढ्यांच्या वाड्याशी बसून ऐकायचा, आणि पुढचे आठ दिवस रानात भेटेल त्याला सुनावायचा. मी त्याच्याकडून ऐकलेले तीन जुज नंतर वाचले. लेखकापेक्षा सोपाननं बरे सांगितले होते.

'पुढचं पुढच्याकडं' हे चाचांचं नुसतं जुजापुरतं नव्हतं. औंदा पाऊस कसा, विचारा. पुढचं पुढच्याकडं. चाचा, गुडघा कसा आहे? पुढचं पुढच्याकडं. एकदा नवे तलाठी विचारायला आले की वाचनालयाची जागा कुणाच्या नावावर आहे, तर त्यांनाही हेच उत्तर मिळालं, आणि ते बिचारे पुढच्या घरी जाऊन विचारून आले.

आता बावीसपैकी एकवीस जुज फिरायचे म्हटलं ना, मग बाविसावा कुठं? तो चाचांकडं. शेवटचा जुज कधीच कुणाच्या घरी जायचा नाही. पाच महिन्यांनी एकवीसच्या एकवीस जुज सगळ्यांचे वाचून झाले की चाचा फळ्यावर लिहायचे, 'सुमित्रेची – इतवारी, सकाळी नऊ'. मशिदीमागच्या बोळात त्यांचं चार खोल्यांचं घर होतं. तिथं सगळे जमायचे आणि शेवट चाचा स्वतः वाचायचे.

वाचायचे म्हणजे काय हाल. उर्दूत शिकलेला माणूस, मराठी अक्षरं पंचेचाळिशीत गिरवलेली. ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षरापाशी थांबून, श्वास घेऊन. गावातला सगळ्यांत सावकाश वाचणारा माणूस, आणि गावानं शेवट नेमका त्याच्या तोंडी दिलेला. मला इंग्रजी शिकवायची, घाईनं वाचायची सवय. पहिल्या वेळी मी म्हटलं, "चाचा, आणा, मी वाचतो." सगळ्या माणसांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जिलबीचा घास घशात ठेवूनच गप्प बसलो. मला वाटलं, म्हाताऱ्याची मिजास आहे. एवढी एक मिजास असू दे, असं मी मोठ्या मनानं ठरवून टाकलं.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका वर्तमानपत्रात लेख आला होता, पुस्तकांसाठी जगात नावाजलेल्या शहरांवर. मी वाचनालयात तो मोठ्यानं वाचून दाखवला. डब्लिन झालं, लाइपझिग झालं, मग एडिंबरा आलं. तिथं म्हणे एका कादंबरीकाराचं दोनशे फूट उंच स्मारक भर शहरात उभं आहे.

"दोनशे फूट?" चाचांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. "आन् त्याची पुस्तकं?"

"घरोघरी आहेत असं लिहिलंय."

"येका घरात येक?"

"हो, प्रत्येकाकडं आपापली."

चाचांनी सुई खाली ठेवली. "म्हंजे येकानं वाचली तर दुसऱ्याला पत्त्या न्हाय. शेजाऱ्याला शेजाऱ्याकडं जायचं काय कारणच न्हाय ठेवलं त्यांनी." मग म्हणाले, "मास्तर, त्या यादीत आमचं नाव का न्हाय?"

मी हसलो. चार हजार वस्ती, दिवसाला एक एसटी, छापखाना नाही, दुकानात पाटी-पेन्सिलीपलीकडं काही नाही. हे सगळं मी सांगितलं, जरा जास्तच चढून सांगितलं. चाचा म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. कागद घ्या. इंग्रजीत लिवा."

ते पत्र मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड भाषांतर. चाचांचा मजकूर असा होता: "एडिंबरा शहराच्या अध्यक्ष साहेबांना बोरगाव शहराचा सलाम. तुमच्याकडं पुस्तकं लई हायेत असं ऐकून खुशी झाली. आमच्याकडं तीनशे बारा हायेत, पण कपाटात येक न्हाय, वाचायला काढल्याली समदी लोकांकडं. आमी येक पुस्तक येकाच टायमाला येकवीस घरांत वाचतो. तुमच्याकडं हे कसं करतात ते कळवावं. करत नसाल तर शिकायला माणूस धाडावा, र्‍हायची सोय हाय." मी 'शहर' या शब्दावर अडखळलो. चाचा म्हणाले, "लिवा शहर. त्यांना कुठं दिसतंय?"

तीन महिन्यांनी उत्तर आलं. पोस्टमास्तर स्वतः सायकलवरून घेऊन आले, पाकीट हळद-कुंकवाच्या ताटासारखं दोन हातांत धरून. फार सभ्य पत्र होतं. आभार मानले होते. आणि पुढं लिहिलं होतं की आमच्या शहरातले एक प्राध्यापक, मिस्टर मॅक्रे, तुमच्या जिल्ह्यात तेरला जुनी खापरं आणि विटा अभ्यासायला येत आहेत. ते तुमच्या वाचनालयाला भेट देऊन आमचा नमस्कार पोचवतील.

गावात पत्र वाचून झालं नाही तोच आप्पासाहेब वकील हजर. आप्पासाहेब वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष. वर्षातून एकदा, झेंडावंदनाला, ते वाचनालयात यायचे. शाळेच्या कमिटीवरही तेच. त्यांनी वाचनालय बघितलं, कपाटं बघितली, आत धूळ आणि एक मांजर. "दस्तगीर," ते म्हणाले, "परदेशचा माणूस येणार, आणि आपण त्याला चिंध्या दाखवायच्या? पुस्तक फाडून वाचतात म्हटल्यावर काय इज्जत राहील गावाची? आठ दिवसांत सगळे जुज गोळा करा, शिवा, लाल कापडी पुठ्ठे घाला, काचेच्या कपाटात लावा. आणि साहेब गेल्यावरही ती तशीच राहतील. हा जुजांचा बाजार कायमचा बंद."

चाचांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. "जी साहेब," म्हणाले फक्त.

आठ दिवस ते खाली मान घालून शिवत बसले. मी शाळा सुटल्यावर जायचो, खळीचं भांडं हलवायला. माणसं येऊन निमूट आपापला जुज ठेवून जायची. राधाक्कानं तेरावा ठेवला, पुन्हा उचलला, दोन पानं उभ्या उभ्या वाचली आणि ठेवला. सोपाननं विचारलं, "आता हे आक्खं पुस्तक माजी सून कवा वाचायची? तिला म्हशी हायेत, पोरं हायेत. सोळा पानं व्हत्यात आटवड्याला." चाचांनी दोरा दातानं तोडला. त्यांच्या तोंडून आठ दिवसांत मी शब्द ऐकला नाही, आणि मला प्रथमच त्या माणसाची काळजी वाटली. मी म्हटलं, आप्पासाहेबांशी बोलू का? त्यांनी मान हलवली. खरं सांगायचं तर मी विचारलं तेही जरा भीतभीतच. माझी नोकरी आप्पासाहेबांच्या सहीवर होती.

मॅक्रेसाहेब आले ते नेमके गुरुवारी. तेरहून अरुंद रुळांच्या धाकट्या रेल्वेनं येडशीला, तिथून ब्लॉक ऑफिसच्या साहेबांच्या जीपनं. उंच, उन्हानं लाल झालेला, गुडघ्यापर्यंत तेरची पांढरी माती. कमान होती, हार होते, आमच्या शाळेतल्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. आप्पासाहेबांनी इंग्रजीत भाषण केलं, त्यात 'कल्चर' हा शब्द इतक्या वेळा आला की साहेबांना वाटलं ते गावच्या देवीचं नाव आहे. मग काचेचं कपाट उघडलं. लाल पुठ्ठे, पांढरे आकडे, एका रांगेत. चाचा कोपऱ्यात उभे होते, धुतलेली शेरवानी घालून.

साहेबांनी 'सुमित्रेची' उचलली. उघडली, वास घेतला. खळ अजून ओली होती, दोन पानं चिकटलेली. मग ते पानं चाळत राहिले, पुढं, मागं, पुन्हा पुढं. दुसरं पुस्तक काढलं. तिसरं. आणि मला म्हणाले, "एक विचारू का? दर सोळा पानांनी एक पान मळकं आहे, कोपरे झिजलेले. मधली पानं स्वच्छ. प्रत्येक पुस्तकात तसंच. असं पुस्तक मी कुठंच पाहिलं नाही. हे कसं झालं?"

आयुष्यभर खापरांवरून माणसं ओळखणाऱ्याला आप्पासाहेब फसवायला निघाले होते. मी भाषांतर केलं. आप्पासाहेब घाम पुसत म्हणाले, "सांगा, कसर लागली होती."

मी तोंड उघडणार, तोच दारातून सोपान धनगर आत शिरला. खांद्यावर घोंगडी, मागं राधाक्का, तिच्यामागं बाजाराला आलेली निम्मी माणसं. "चाचा," सोपान म्हणाला, "ते साहेब बघून झालं का? आमचा गुरवार हाय. मला चौदावा द्या, तेराव्यावर सून आडून बसलीया, मला जेवाय घालंना."

"चौदावा माझा हाय," राधाक्का म्हणाली. "तुला गेल्या महिन्यात दिलेला, तू मेंढरांनी खाल्ला म्हणून सांगितलं."

"येक कोपरा खाल्ला."

"त्याच कोपऱ्यात तर सगळं व्हतं."

साहेबांनी मला विचारलं, ही माणसं कशावर भांडतायत? आप्पासाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, भाषांतर नीट करा." त्यांच्या आवाजात काय होतं ते मला कळलं. मी चाचांकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते. कपाटाकडंही नाही. आपल्या हातांकडं पाहत होते, जसं काही ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

मग मी नीट भाषांतर केलं. तेरखेड्यापासून सुरुवात केली. जुज, फळा, गुरुवार, कायदा, पोस्टमास्तरांची शिक्षा, सुमित्रेचा शालू, आणि आठ दिवसांपूर्वीचा हुकूमही. एवढं सलग इंग्रजी मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. साहेब खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर बसले. त्यांनी सोपानला विचारलं, तेराव्यात काय आहे? सोपाननं सांगायला सुरुवात केली, आणि मागून पाच-सहा जणांनी ओरडून त्याला थांबवलं, कारण त्यांना तेरावा अजून मिळायचा होता. साहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चाचा पुढं आले. "मास्तर, साहेबांना इचारा. तुमच्या घरी पुस्तकं किती?"

"असतील हजारभर," साहेब म्हणाले.

"समदी वाचली?"

साहेबांनी मनाशी मोजलं. खरा माणूस होता. "निम्मीही नाही."

"मग वाचल्यालं कुणाला सांगता?"

मी हे भाषांतर केलं. साहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मी एकटाच राहतो. सांगायला कुणी नसतं."

चाचांचा चेहराच बदलला. जिंकल्यासारखा झाला नाही, उलट त्या परक्या माणसाची त्यांना खरी कणव आली. त्यांनी साहेबांच्या हातातली 'सुमित्रेची' घेतली, खिशातून सुरी काढली, आणि काचेच्या कपाटासमोर, आप्पासाहेबांच्या समोर, आठ दिवस घातलेले टाके एकामागून एक कापायला लागले. पहिला जुज त्यांनी साहेबांच्या हातात दिला.

"पंधरा दिवस तुमी तेरला हाय ना? हा तुमचा. वाचता येत नसंल तर तिथं कुणाकडून बी वाचून घ्या. गुरवारी आणून द्या, दुसरा न्या."

मॅक्रेसाहेबांनी दोन्ही हातांनी तो जुज घेतला आणि उभे राहून सगळ्यांना म्हणाले, "आमच्या शहरात पुस्तकांची दुकानं शेकड्यानं आहेत. पण सोळा पानांसाठी भांडणारी माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. हे मी तिकडं जाऊन सांगणार." मी ते मराठीत सांगितलं, थोडं वाढवूनच सांगितलं, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. राधाक्कानं साहेबांच्या मनगटाचं माप डोळ्यांनीच घेतलं आणि तिकडं त्यांची बहीण आहे असं कळल्यावर तिच्यासाठी डझनभर हिरव्या बांगड्या बांधून दिल्या.

टाळ्या थांबायच्या आत आप्पासाहेब पुढं झाले. "ही आमच्या मंडळाचीच योजना," ते इंग्रजीत म्हणाले. वकील तो वकील. पण मी काही बोललो नाही, कारण त्यांच्या पाठीमागं तोपर्यंत सगळी पुस्तकं उसवली जात होती आणि फळ्यावर खडू चालू झाला होता. सोपानला चौदावा मिळाला. त्याच्या घरी त्या दिवशी जेवण झालं असावं.

पुढच्या गुरुवारी साहेब खरंच पहिला जुज परत द्यायला आले. तेरच्या एका म्हाताऱ्या गुरवाकडून, दुभाषा शेजारी बसवून, रोज तासभर ऐकला होता. त्यांनी दुसरा नेला. गावात दिवाळी नव्हती तरी तेरखेड्याहून कुणीतरी फटाके आणले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पोस्टमास्तरांनी त्या कापून पोस्टाच्या खिडकीवर चिकटवल्या. 'कसबे बोरगाव शहर' असं छापलं होतं. चाचा दिवसातून दोनदा पोस्टात जाऊ लागले, पाकिटं घ्यायच्या निमित्तानं.

आप्पासाहेबांना तर आता वाचनालयाशिवाय दुसरं काही सुचेना. 'सुमित्रेची' संपत आली तेव्हा त्यांनी जाहीर केलं की शेवटचा जुज या खेपेस शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये वाचला जाईल. खुर्च्या, स्टेज, लाउडस्पीकर, अध्यक्षीय भाषण. मला आनंद झाला. एवढा मोठा मान चाचांना मिळायलाच हवा होता. मी धावत सांगायला गेलो.

चाचा घरी जाजम झटकत होते. ऐकून म्हणाले, "न्हाय मास्तर. हॉलमधी नको."

"अहो चाचा, तीनशे माणसं ऐकतील."

"ऐकू द्यात की. इथंच येऊन ऐकू द्यात. बोळात बसतील."

मी वैतागलो. मला वाटलं, पुन्हा तीच मिजास. मी तसं बोलूनही दाखवलं, की चाचा, हा हट्ट झाला. त्यांनी जाजमाची घडी घातली आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसले.

"मास्तर, हे घर बघा. चार खोल्या. ह्यात नऊ माणसं व्हती. जिल्हा हैदराबादेतनं निघाला तवा दोनी पोरं नोकरीपायी तिकडं गेली, बायकापोरं घेऊन. त्यांची अम्मा गेली त्याच साली. पोरं बोलावतात, चिठ्ठी येती म्हयन्याला. मी जात न्हाय. इथं माझं काय हाय, तुमी म्हणाल. काय बी न्हाय. पर शेवटचा जुज वाचायचा असला की आदल्या दिशी मी चारी खोल्या झाडून काढतो. मग सकाळी माणसं येतात. बायका आतल्या खोलीत बसतात, पोरं जिन्यावर. कुणी पाणी मागतं, कुणी म्हणतं चाचा, चुना हाय का. अर्धा दिस घर भरल्यालं असतं. हॉलात वाचलं तर लोक टाळ्या वाजवतील आन् तिथनंच आपापल्या घरी जातील." त्यांनी जाजमाची घडी मांडीवर ओढली. "तुमी पयल्या येळी म्हणाला, मी वाचतो. तुमी वाचलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं. म्हणून मी वाचतो."

मला स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी त्या माणसाच्या घरी चहा पीत होतो, जिलबी खात होतो, आणि पलीकडच्या तीन खोल्यांत कोण राहतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी तडक आप्पासाहेबांकडं गेलो आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ पानाच्या डब्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "लाउडस्पीकर परत पाठवा."

रविवारी नऊला बोळ भरला. बायका आतल्या खोलीत, पोरं जिन्यावर, सोपान सुनेला घेऊन आला होता. आप्पासाहेबांनी बूट बाहेर काढले आणि खांबाला टेकून जाजमावर बसले, भाषण वगैरे काही नाही. चाचांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं. दर जोडाक्षराला थांबत, श्वास घेत, त्यांनी ती सोळा पानं वाचली. उन्हं ओट्यावरून आत आली, चहा दोनदा झाला. कुणी त्यांना शब्द सांगून पुढं ढकललं नाही. मीही नाही.

वाचून संपलं. कुणीच उठलं नाही. चाचांनी चष्मा काढून टोपीच्या कडेनं पुसला, तेव्हा आतल्या खोलीतून सोपानची सून म्हणाली, "चाचा, मधलं जरा निसटलं माझं. पयल्यापास्नं पुन्यांदा वाचा की."

"व्हय, माझं बी," आप्पासाहेब म्हणाले.

चाचांनी आमच्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग चष्मा चढवला, पानं उलटून पहिल्या ओळीशी आणली आणि तिच्याखाली बोट ठेवलं.